मामांचा बीएमआय २४.६ आला. आता घाबरायचं की नाही?

ज्येष्ठ नागरिकांच्या मोफत आरोग्य शिबिरातून मामा आले ते तोंड पाडूनच. हातात यंत्रातून निघालेली चिठ्ठी होती. वजन ६७ किलो, उंची १६५ सेंटिमीटर, बीएमआय २४.६ आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘ओव्हरवेट’. टेबलावर बसलेल्या मुलाने बाजूला पेनाने लिहून दिलं होतं, ‘५ किलो कमी करा’. मामांचं वय ७१. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला माणूस, कागदावर लिहून आलं की ते प्रमाण. त्याच रात्रीपासून जेवण बंद, ताक आणि लाह्या सुरू.

दोन महिन्यांत तीन किलो उतरले. कट्ट्यावर कौतुक झालं, शर्ट ढगळ झाले. मग एका सकाळी एसटीची पायरी चढताना पाय वर उचललाच जाईना. कंडक्टरने दंड धरून आत घेतलं. घरी येऊन मामा म्हणाले, “अरे, वजन कमी झालं तर हलकं वाटायला पाहिजे ना? मला तर पाय जड झाल्यासारखं वाटतंय.”

मी डॉक्टर नाही, आरोग्याच्या विषयांवर लिहितो. पण हा प्रश्न मामांपुरता नाही. सध्या बीएमआय जिकडेतिकडे आहे. फोनमधलं ॲप तो सांगतं, विम्याच्या अर्जात तो विचारतात, आणि २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आल्यापासून तर ती कुणाला द्यायची हेही मुख्यतः बीएमआयवरूनच ठरतं. त्याच वर्षी जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने सांगितलं की एकट्या बीएमआयवरून कुणाला स्थूल ठरवू नका. मग साठी ओलांडलेल्या पुरुषाने या आकड्याचं करायचं काय?

हिशोब सोपा, जन्मकथा वेगळी

बीएमआय म्हणजे बॉडी मास इंडेक्स. किलोतलं वजन घ्यायचं आणि मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. मामांचे ६७ भागिले १.६५, परत भागिले १.६५, उत्तर २४.६. बस, एवढंच. यात चरबी मोजलेली नाही, स्नायू मोजलेले नाहीत, वय विचारलेलं नाही, बाई की पुरुष हेही नाही.

उंचीने दोनदा का भागायचं? एका मोदकाच्या दुप्पट उंच, दुप्पट रुंद, दुप्पट जाड मोदक केला तर उकड आणि सारण आठपट लागतं, म्हणजे त्या हिशोबाने उंचीने तीनदा भागायला हवं. माणूस मात्र मोदकासारखा सगळ्या बाजूंनी सारखा वाढत नाही. उंच माणसं त्यांच्या उंचीच्या मानाने सडसडीत असतात. मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे १८३० च्या दशकात आदोल्फ केतले या बेल्जियन माणसाच्या लक्षात आलं. हा गृहस्थ वैद्य नव्हता. तो खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होता. ताऱ्यांची निरीक्षणं मांडण्याचं गणित त्याने माणसांच्या समूहांना लावलं आणि त्यातून ‘सरासरी माणूस’ शोधू लागला. समोर बसलेला अमुक एक म्हातारा जाड आहे का, हा त्याचा प्रश्नच नव्हता.

१९७२ मध्ये अँसेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून जास्त पुरुषांची मापं घेऊन वजन-उंचीची वेगवेगळी सूत्रं ताडून पाहिली. केतलेचं जुनं सूत्र त्यातल्या त्यात बरं निघालं आणि ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव तेव्हा पडलं. त्या पुरुषांत भारतातलं कुणी नव्हतं.

शेतीशी संबंध असलेल्यांना एक उदाहरण देतो. बीएमआय म्हणजे गावाची पैसेवारी, गावात पीक रुपयात किती पैसे आलं याचा सरकारी अंदाज. पन्नास पैशांच्या खाली आली की गावात पीक बुडालं असं सरकार धरतं, आणि गावाच्या पातळीवर ते बहुतेक बरोबरच असतं. पण ओढ्याकाठच्या माणसाची ज्वारी त्या वर्षी डोक्याएवढी असू शकते, आणि पैसेवारी सत्तर लागलेल्या गावातही माळावरच्या एखाद्याच्या हाती कडबासुद्धा येत नाही. पैसेवारी खोटी नसते, ती फक्त तुमच्या शेतात उतरलेली नसते. लाखभर माणसांचं आरोग्य एका नजरेत पाहायला बीएमआय फार कामाचा आहे. भानगड होते ती शिबिरातल्या टेबलावर, गावाची पैसेवारी एकेकाच्या सातबाऱ्यावर चढवली की.

२३, २५ की ३०? रेषा कुणी मारल्या?

जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या मापाने १८.५ च्या खाली कमी वजन, २५ पर्यंत ठीक, २५ ते ३० जास्त वजन आणि ३० च्या पुढे स्थूल. या रेषा काही निसर्गाने मारलेल्या नाहीत. अमेरिकेत १९९८ पर्यंत पुरुषांसाठी जास्त वजनाची रेषा २७.८ वर होती. ती २५ वर आणली आणि लाखो लोक एक घासही जास्त न खाता रातोरात ‘ओव्हरवेट’ झाले.

भारतीयांसाठी रेषा आणखी खाली आहे. २००९ मध्ये आपल्याकडच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ पासून स्थूल असं ठरवलं. मामांच्या चिठ्ठीवरचा ‘ओव्हरवेट’ या मापाने आलेला. परदेशी तक्त्याने ते काठावर पास होते.

ही रेषा खाली का आणली, याचं सगळ्यात सुंदर उत्तर पुण्यात आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच एक फोटो छापला. दोघे शेजारी शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आकडा एक आणि चरबी दुपटीहून जास्त! दोघांच्याही आडनावाचं पहिलं अक्षर वाय, म्हणून हा ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणून प्रसिद्ध झाला. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जन्मणारी बाळंही मोजली. इंग्लंडमधलं बाळ सरासरी साडेतीन किलोचं, आपलं २.७ किलोचं. आपली बाळं हाडापेराने आणि मांसाने बारीक, पण त्वचेखालची चरबी त्यांनी बऱ्यापैकी राखलेली. म्हणजे ‘वरून बारीक, आतून चरबट’ ही आपली ठेवण पोटातूनच सुरू होते. कमी बीएमआयलाही मधुमेह आपल्याला गाठतो, त्यामागचं हे एक मोठं कारण आहे.

म्हणजे शिबिरातला मुलगा बरोबरच होता की! नाही, अर्धाच बरोबर होता. ही रेषा प्रौढांसाठी आखलेली आहे आणि ‘प्रौढ’ या शब्दात पंचविशीतला पोरगा आणि पंचाहत्तरीतला आजोबा यांना एकाच पंगतीला बसवलंय.

वजनाच्या आत काय बदललं?

किराणा दुकानातली तेलाची पिशवी आठवा. वर लिहिलेलं असतं, १ लिटर, ९१० ग्रॅम. शरीरातली चरबीही साधारण तशीच, लिटरला ९०० ग्रॅमच्या आसपास. स्नायू मात्र पाण्यापेक्षा थोडे जड, लिटरला १०६० ग्रॅमच्या घरात. आता तीस वर्षांत एखाद्याच्या अंगातले पाच किलो स्नायू गेले आणि पाच किलो चरबी आली असं धरू. वजनकाटा म्हणेल काहीच झालं नाही, बीएमआयही जिथल्या तिथे. पण माणूस तर बदलला. मांड्या, नितंब, दंड ओसरले आणि पोटाचा घेर वाढला. “मी गेली तीस वर्षं ६७ किलोच आहे,” असं छाती पुढे काढून सांगणारे जे काका असतात, त्यांचं हे चित्र.

म्हातारपणी स्नायू झिजत जातात, त्याला सार्कोपेनिया म्हणतात. ग्रीकमध्ये सार्क्स म्हणजे मांस आणि पेनिया म्हणजे दारिद्र्य. मांसाचं दारिद्र्य! हा शब्द एकदाच वापरतो, पुढे ‘झीज’ म्हणू. या झिजेत ताकद मांसापेक्षाही वेगाने उतरते, म्हणून पाय दिसायला ठीक असला तरी पायरीवर दगा देतो.

आमच्या भाषेने हा फरक कधीच ओळखलाय. काटक वेगळा आणि काटकुळा वेगळा. दोघांचा बीएमआय १९ असू शकतो. एक जण ऐंशीव्या वर्षी वारीला चालत जातो, दुसऱ्याला बादली उचलत नाही. तसंच दुसऱ्या टोकाला, तालमीत घाम गाळणारा पैलवान आणि तालीम सुटली पण खुराक न सुटलेला पैलवान, दोघेही २९. आकड्याला यातलं काही दिसत नाही.

उंचीसुद्धा तीच राहत नाही

वय वाढलं की मणक्यांमधल्या चकत्या दबतात, पाठीला बाक येतो आणि उंची घटते. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये त्याच त्या माणसांना वर्षानुवर्षं मोजत राहणारा अभ्यास आहे. त्यात दिसलं की तिशी ते सत्तरी या काळात पुरुषांची उंची सरासरी ३ सेंटिमीटरने कमी होते, ऐंशीपर्यंत ५ सेंटिमीटरने. वजन तेच ठेवून नुसती उंची घटली तरी बीएमआय सत्तरीला सुमारे ०.७ ने आणि ऐंशीला १.४ ने फुगतो.

मी मामांना त्यांचं सेवापुस्तक काढायला लावलं. पहिल्याच पानावर नोकरीला लागतानाची नोंद होती. ओळखखूण, डाव्या भुवईवर तीळ. उंची, १६८ सेंटिमीटर. त्या उंचीने भागलं तर मामांचा बीएमआय २३.७ येतो. एक अंक नुसता पाठीच्या कण्याने वाढवला होता! मामा खूश झाले, पण यात दुसरी बाजूही आहे. तरुणपणाच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटरहून जास्त फरक पडला असेल तर मणका आतून दबला किंवा मोडला नाही ना, हे डॉक्टरांना विचारलेलं बरं. हाडं ठिसूळ होणं हे फक्त बायकांचं दुखणं नाही.

“म्हणजे म्हातारपणी अंगावर थोडं मांस बरं?”

आजी म्हणायच्या तेच संशोधनातूनही दिसतं. २०१४ मध्ये ६५ वर्षांवरच्या जवळजवळ दोन लाख लोकांचे ३२ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. मृत्यूचा धोका सगळ्यात कमी होता तो बीएमआय २४ ते ३१ च्या दरम्यान. २३ च्या खाली धोका वाढायला लागला. २१ च्या आसपास तो सुमारे १२ टक्के जास्त आणि २० च्या आसपास १९ टक्के जास्त. वरच्या बाजूला ३३ पर्यंत फारसा फरक नव्हता.

याचं कारण समजायला दवाखान्यात चला. न्यूमोनिया होतो, खुबा मोडतो, ऑपरेशन होतं. खाणं बंद, अंथरूण धरलेलं. अशा वेळी शरीर स्वतःचंच मांस मोडून खातं. निरोगी म्हाताऱ्या स्वयंसेवकांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं, हे २००७ मधल्या एका प्रयोगात दिसलं. आजार नाही, ताप नाही, नुसती विश्रांती! ज्याच्याकडे मुळातच शिल्लक नाही तो दवाखान्यातून घरी येतो तेव्हा भिंत धरून चालतो. स्नायू ही मुदत ठेव आहे आणि आजारपणात ती मुदतीआधीच मोडावी लागते.

पण त्या आकड्यांवरून पुरणपोळीला तूप वाढून घेण्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, बारीक म्हातारे जास्त मरतात यातले कित्येक जण आधीच आजारी असतात म्हणून बारीक झालेले असतात. बिडी ओढणारेही सडपातळच असतात. कारण आणि परिणाम इथे उलटसुलट होतात आणि संशोधक कितीही चाळणी लावोत, थोडा कोंडा राहतोच. दुसरी, ते अभ्यास बहुतांशी पाश्चात्त्य लोकांवरचे. युडकिन यांच्या बांध्याची माणसं ती, आपण याज्ञिकांच्या बांध्याचे.

मग खरं कुणाचं, २३ चं की २४ ते ३१ चं?

मला वाटतं दोन्ही खरी आहेत, कारण प्रश्न दोन आहेत. २३ ची रेषा विचारते, पुढच्या वीस-तीस वर्षांत या माणसाला मधुमेह आणि हृदयरोग होण्याचा संभव किती? चाळिशीतल्या माणसाने तिचा धसका घेतलाच पाहिजे. म्हाताऱ्यांवरचे अभ्यास विचारतात, हा ७५ वर्षांचा माणूस पुढची पाच-दहा वर्षं काढेल का? तिथे ताकद आणि साठा यांना भाव आहे.

या बाबतीत जपानचं उदाहरण मला जवळचं वाटतं, कारण तेही आशियाई, तेही बारीक बांध्याचे. त्यांच्या सरकारी आहार मार्गदर्शनात २०२० मध्ये वयानुसार वेगळा बीएमआय सांगितला आहे. पन्नाशीच्या आत १८.५ ते २४.९. पन्नास ते चौसष्ट या वयात २० ते २४.९. पासष्टच्या पुढे २१.५ ते २४.९. वरची रेषा हलवलेली नाही, खालची मात्र वयाबरोबर वर सरकवत नेली आहे. आपल्या शिबिरांत सगळं लक्ष वरच्या रेषेवर असतं. सत्तरीतला १९ बीएमआयचा माणूस आला की “व्वा काका, फिट आहात!” म्हणून पाठ थोपटतात.

आणि आपल्याकडे असे काका थोडेथोडके नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पुरुष घेतात ते ५४ वर्षांपर्यंतचे, त्यामुळे म्हाताऱ्या पुरुषाचं वजन त्या बातम्यांत दिसतच नाही. मुंबईच्या देवनारमधल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांवरच्या लोकांची पाहणी केली, त्यात साठीपुढच्या चारांत एकाहून जास्त जण कमी वजनाचे निघाले. जास्त वजनाचे त्याहून थोडे कमी. शहरातल्या सोसायटीत बसून हे खरं वाटत नाही, पण एखाद्या खेड्यातल्या पारावर बसून बघा.

पोटाचं माप पँटवरून घेऊ नका

साठीपुढच्या पुरुषाने बीएमआयच्या जोडीला एकच माप घ्यायचं तर पोटाचा घेर घ्यावा. त्वचेखालची चरबी बरीचशी निरुपद्रवी असते. पोटाच्या आत, यकृताभोवती, आतड्यांभोवती साठते ती घातक.

इथे पुरुषांची एक जुनी लबाडी आडवी येते. पोट सुटलं की पँट खाली सरकते आणि बक्कल पोटाच्या डोंगराखाली जाऊन बसतं. मामांची पँट वीस वर्षं ३४ नंबरची. “कंबर ३४ च आहे,” ते म्हणाले. मी शिंप्याची टेप घेतली. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, श्वास सहज बाहेर सोडल्यावर, पोट आत न ओढता. आत ओढलं होतं, दोनदा सांगावं लागलं. माप आलं ९६ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ ३८ इंच. भारतीय पुरुषांसाठी धोक्याची रेषा ९० आहे.

टेप नसेल तर सुतळी घ्या. टाचेपासून डोक्यापर्यंत आपल्या उंचीएवढी कापा, मधोमध दुमडा आणि ती दुपदरी सुतळी पोटाभोवती गुंडाळा. टोकं जुळली पाहिजेत. पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याच्या आत असावा हा नियम इंग्लंडच्या आरोग्य मार्गदर्शनातही २०२२ पासून आहे. मामांच्या पोटावर दोन टोकांत सात बोटांचं अंतर राहिलं. मामी पदर तोंडाला लावून हसत होत्या.

आणि पायांचं माप खुर्चीवरून घ्या

हात नसलेली साधी, पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी. पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, असं पाच वेळा, शक्य तितक्या लवकर. घड्याळ लावा. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरवलेल्या मापाने बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पायांत झीज झाल्याचा संशय घ्यावा. शेजारी कुणीतरी उभं असू द्या.

दुसरी युक्ती जपानमधली. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी जोडून कडं करा आणि पोटरीच्या सगळ्यात जाड भागाभोवती धरा. कडं पुरलं नाही तर उत्तम. बरोबर बसलं तर सावध. कडं ढिलं पडून बोट आत जात असेल तर स्नायू गेलेत. टेपने मोजायचं असेल तर पुरुषाची पोटरी ३४ सेंटिमीटरच्या खाली नसावी. पायावर सूज असेल तर मात्र हे माप फसवं. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत बिघडून अंगात पाणी साठलं की वजन आणि बीएमआयही असेच फसवतात.

मामांना लागले चौदा सेकंद आणि पोटरी भरली ३३. म्हणजे बघा, एकाच माणसात वर जास्त आणि खाली कमी. चिठ्ठीवरच्या २४.६ मध्ये हे दोन्ही एकमेकांना झाकून बसले होते. ताक-लाह्यांनी उतरलेल्या तीन किलोंत पोट किती आणि मांड्या किती, ते एसटीच्या पायरीने सांगितलं. उपाशी शरीराने पोटाच्या चरबीपेक्षा पायांतलं मांसच जास्त काढलं होतं.

जिममधल्या यंत्रावर उभं राहून ‘बॉडी फॅट’ काढून घेतात, त्याच्या फार नादी लागू नका. अंगात पाणी किती आहे त्यावर तो आकडा सकाळ-संध्याकाळ बदलतो.

“काही न करता वजन उतरतंय, चांगलंच की!”

हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. म्हातारपणी ठरवून न उतरवलेलं वजन हे बीएमआय कितीही असो, लक्षणच समजायचं. सहा महिने ते वर्षभरात वजनाच्या पाच टक्के, म्हणजे ६७ किलोच्या माणसाचे सुमारे ३.४ किलो, आपसूक गेले तर डॉक्टरांकडे जायचं. न कळलेला मधुमेह, क्षयरोग, थायरॉइड, कर्करोग यांपैकी काहीही निघू शकतं. काही वेळा कारण साधं असतं, कवळी बसत नाही म्हणून चावता येत नाही. आणि काही वेळा असं असतं की जे चाचणीत दिसत नाही. बायको गेल्यावर जन्मात गॅस न पेटवलेला पुरुष एकटा राहतो. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी डब्यातली अर्धी पोळी, रात्री पुन्हा चहा. मुलगा फोनवर विचारतो, जेवलात का? ते म्हणतात, हो. सहा महिन्यांनी सदरा खांद्यावरून ओघळायला लागतो.

म्हणून महिन्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी, वजन करून कॅलेंडरवर लिहून ठेवावं. दुधाचा हिशोब लिहितोच ना आपण?

“मग कमी करायचंच नाही का?”

करायचं, पण कुणी आणि कसं ते पाहून. गुडघे दुखतात, झोपेत श्वास अडकतो, साखर आटोक्यात नाही, पोट चांगलंच सुटलंय, बीएमआय तिशीच्या घरात आहे, अशांना सत्तरीतही वजन उतरवून फायदा होतो. २०११ मध्ये अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या स्थूल लोकांचे गट करून वर्षभर पाहिलं. नुसत्या आहाराने वजन उतरलं, पण हालचालीची क्षमता सगळ्यात जास्त सुधारली ती आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांची. नुसत्या उपाशी राहण्यात चरबीबरोबर मांसही जातं, व्यायामाने ते बरंचसं वाचतं. नव्या इंजेक्शनांनाही हेच लागू आहे. भूकच मरते, वजन झरझर उतरतं आणि त्यात स्नायूंचाही वाटा असतो. म्हाताऱ्या माणसाने ती डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊच नयेत.

व्यायाम म्हणजे नुसतं सकाळचं फिरणं नव्हे. फिरणं हृदयाला आणि मनाला उत्तम, पण स्नायूंना ओझं लागतं. खुर्चीतून उठबस, जिन्याच्या दोन पायऱ्या चढउतार, पाण्याच्या बाटल्या उचलणं, भिंतीला हात लावून जोर. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरतात.

आणि खाणं. “रात्रीचं हलकंच बरं,” या नावाखाली आपल्याकडचे म्हातारे मऊ भात आणि दुधावर येतात आणि प्रथिनं ताटातून गायब होतात. पासष्टच्या पुढे वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं असावीत असं तज्ज्ञ सांगतात. मामांसाठी ते ६७ ते ८० ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढीच, यावरून अंदाज घ्या. दोन्ही जेवणांत घट्ट वरण, मटकीची उसळ, पिठलं, पनीर, दही, आणि चालत असेल तर अंडं, बांगडा, कोंबडी. वरणाचं वरचं पाणी हे वरण नव्हे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र हे माप आधी डॉक्टरांना विचारायचं.

मामांनी लाह्या सोडल्या. रोज सकाळी दहा उठबशांपासून सुरुवात केली. शाळेत मुलांना ज्या शिक्षा म्हणून दिल्या त्या आता स्वतःला, असं म्हणत. अंडं ते घरात खात नाहीत, कट्ट्याजवळच्या गाडीवर खातात, हे मामींना माहीत आहे आणि मामांना वाटतं की माहीत नाही. चार महिन्यांनी वजन ६६ किलो, म्हणजे गेलेल्यातले दोन परत आलेले. पण खुर्चीची उठबस अकरा सेकंदांवर आली होती आणि सुतळीच्या टोकांतलं अंतर सातावरून पाच बोटांवर.

पुढचं शिबिर लागलं तेव्हा मी सोबत गेलो. टेबलावर दुसरा मुलगा होता. त्याने मामांना पट्टीखाली उभं केलं आणि १६५ लिहायला पेन टेकवलं. मामांनी खिशातून सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स काढून त्याच्यासमोर ठेवली.

“१६८ लिहा,” ते म्हणाले, “सरकारी नोंद आहे.”